पितळेच्या देवांना किती घासायचं?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अलिबागला राहता. घरात पितळेच्या चार वस्तू आहेत: आईच्या लग्नात गौरीहरावर पुजलेली अन्नपूर्णा, तिच्याचबरोबर आलेला रांगता बाळकृष्ण, सासरकडचा खंडोबाचा मुखवटा आणि दोन वर्षांपूर्वी दक्षिणेच्या सहलीत घेतलेला दोन फुटी नटराज. अन्नपूर्णेवर हिरवे ठिपके येतात. मुखवटा काळाठिक्कर पडलाय. नटराजावर जागोजागी डाग उमटलेत आणि बाळकृष्णाचं नाक दिसेनासं झालंय. मुलगी कॅनडाला निघाली आहे, तिच्यासोबत अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण द्यायचे आहेत. त्याआधी सगळं नव्यासारखं लखलखीत करायचं, तर घरी चिंच लावावी की दुकानात नेऊन बफ (मोटरीवर फिरणाऱ्या कापडी चाकाचं पॉलिश) मारून घ्यावा, असं विचारलंय.

माझं उत्तर: दोन्ही नको. निदान सरसकट नको. चारही वस्तू पितळेच्या असल्या तरी चौघांची दुखणी वेगळी आहेत, आणि त्यातल्या बाळकृष्णाचं दुखणं तर स्वच्छतेमुळेच झालेलं आहे.

हे मी का म्हणतो ते सांगतो. नाशिकला भांडीबाजाराजवळ आमचं झाळकामाचं (धातूचे सांधे जोडायचं) आणि पॉलिशचं दुकान. वडील बसायचे, नंतर मी. १९९४ साली, मी नवा नवा बफच्या मोटरीवर उभा राहत होतो तेव्हा, निफाडकडच्या एक आजी त्यांच्या देवघरातला खंडोबा घेऊन आल्या. ओतीव, भरीव, तळहातावर मावेल एवढा. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. नातवाचं लग्न होतं, म्हणून "जरा उजळून दे" म्हणाल्या. मी उजळला. कापडी चाक, त्यावर पॉलिशची वडी, मिनिटाला २८०० फेरे. दहा मिनिटांत खंडोबा सोन्यासारखा झाला. मी खूश.

आजींनी तो हातात घेतला, बघितला नाही, आधी अंगठा फिरवला. रोज गंध लावताना फिरत असेल तसाच, घोड्याच्या मानेवरून वर म्हाळसेपर्यंत. मग म्हणाल्या, "बाबा, हा माझा नाही. बदलला तू." मी शपथा घेतल्या. पण त्यांचं खरं होतं. घोड्याचा लगाम गेला होता, म्हाळसेच्या तोंडाचा गुळगुळीत चणा झाला होता. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी चाकाखालचा काळा भुसा चिमटीत उचलून माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवला आणि म्हणाले, "यातलं म्हाळसेचं नाक कुठलं, ते शोध आता."

तेव्हापासून जुनी पूजेची मूर्ती मी बफच्या चाकाला लावत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे. पुढे संग्रहालयाच्या एका संवर्धकांच्या हाताखाली काही महिने काढले, तेव्हा वडिलांच्या त्या चिमटीमागची रसायनं कळली.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधारण ६० ते ७० भाग तांबं, उरलेलं जस्त. तांब्यात कथील घातलं की कासं होतं, ती गोष्ट निराळी. पितळ उघड्या हवेत ठेवलं की वरचा अगदी पातळ थर हवेशी संयोग पावतो आणि मूर्ती आधी मंद, मग तपकिरी, मग काळसर होते. याला आपल्याकडे राप म्हणतात. हा राप घाण नाही. एकसारखा, घट्ट बसलेला तपकिरी राप खालच्या धातूला बऱ्यापैकी झाकून ठेवतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, लिंबातलं सायट्रिक किंवा आमसुलाचं पाणी हा थर विरघळवतं आणि खालचा ताजा धातू उघडा पडतो. उघडा पडला की तो पुन्हा रापतो. पुन्हा चिंच, पुन्हा नवा धातू. म्हणजे दर वेळी कातडी सोलून नवी कातडी आणायची, असा प्रकार आहे. वर्षातून एकदा केलं तर मूर्ती चार पिढ्या टिकेल. दर गुरुवारी केलं, वर रांगोळी नाहीतर राख घेऊन घासलं, तर बाळकृष्णाचं जे झालं तेच होणार. रांगोळी म्हणजे दळलेला दगड, हे आपण विसरतो.

आम्लानं आणखी एक होतं. पितळेतलं जस्त तांब्यापेक्षा लवकर निघून जातं. चिंच लावून मूर्ती तासभर तशीच ठेवली, की धुतल्यावर तिच्यावर गुलाबी झाक दिसते. बायका म्हणतात, "तांब्याची निघाली की काय!" तांब्याचीच निघाली, जस्त पाण्यात गेलं म्हणून. वरचा थर तिथे भुसभुशीत होतो आणि लवकर काळा पडतो. लिंबू-मीठ तर अजिबात नको. मिठातलं क्लोराईड हे पितळेचं सगळ्यात मोठं वैरी. ते खोबणीत राहिलं तर काय करतं ते अन्नपूर्णेकडे आल्यावर सांगतो.

अन्नपूर्णा

हिरवं दिसलं की सगळे घाबरतात, पण हिरव्यातही दोन जाती आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत.

देवपूजेत वापरून झालेल्या उदबत्तीची बांबूची काडी घ्या. टोक बत्त्यानं हलकं ठेचा, म्हणजे दातणासारखा बारीक कुंचला होतो. धातूचा चिमटा, सेफ्टीपिन, तारेची घासणी काही नको. काडी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवा (समई आणि निरांजन आधी विझवा) आणि अन्नपूर्णेची पळी नि मांडी यांच्यामधल्या खाचेत फिरवा. काडीला हिरवं, मेणचट, चिकट काही लागलं तर ते तुपाचं काम. नैवेद्याचं तूप, समईचं तेल, अभ्यंगाचं तेल खाचेत साचतं, खवट होतं, त्यातली आम्लं तांब्याशी मिळून अक्षरशः हिरवा साबण तयार करतात. दिसायला वाईट, पण फारसं धोक्याचं नाही. स्पिरिटनं निघतं. हळदकुंकवाचा गाळा बसला असेल तर तोही यातच सुटतो. दोन-तीन बैठका लागतील. एका बसणीत सगळं उपसायला जाऊ नका.

दुसरी जात वाईट. फिकट हिरवी, पिठासारखी, बोट लावलं की भुकटी उडते. खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा. तुम्ही पुसता आणि पावसाळी हवेत चार दिवसांनी ती त्याच जागी पुन्हा उगवते. हे क्लोराईड. अलिबागच्या खाऱ्या वाऱ्यातून आलेलं असेल, लिंबू-मिठातून राहिलेलं असेल, घामाच्या हातातूनही येतं. तांब्याचं क्लोराईड दमट हवेत आम्ल सोडतं, ते आम्ल आणखी तांबं खातं आणि त्यातून पुन्हा तेच क्लोराईड तयार होतं. चक्रवाढ व्याजासारखं, बाहेरून नवं मीठ न येताही वाढत राहतं. संग्रहालयवाले याला रोगच म्हणतात.

तुमच्या वर्णनात "पुसलं की परत येतात" हे वाक्य आहे, म्हणून मला ही दुसरी शंका जास्त आहे. अन्नपूर्णा भरीव आणि लहान असेल तर घरी एवढं करता येईल: काडीनं कोरडीच भुकटी खरवडून काढा, मूर्ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते, कुठल्याही पेट्रोल पंपाजवळ मिळतं) बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवडाभर. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यात पुन्हा क्षार. मग सुती कापडानं टिपून केस वाळवायच्या ड्रायरनं खाचाखोचा कोमट होईपर्यंत सुकवा. त्यानंतर झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात पावशेर सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून महिनाभर ठेवा. आत हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली की हा रोग थांबतो. कोकणात पावसाळ्यात ती ९० च्या घरात असते, त्यामुळे उघड्यावर ठेवून तो थांबायची वाट बघू नका. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात.

एवढं करूनही भुकटी आलीच तर मात्र घरचे उपाय बंद. त्यावर बेन्झोट्रायझोल नावाचं औषध आहे, पण ते अंगाला चांगलं नाही, हातमोजे आणि हवेशीर जागा असल्याशिवाय हात लावू नये. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तुम्हाला ते जवळ पडेल. तिथे विचारून बघा.

बाळकृष्ण

याला काही करायचं नाही. खरंच. नुसतं कोमट पाणी, लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब, मऊ ब्रश, साधं पाणी, कोरडं मलमल. बस. मूर्ती धरताना लक्ष द्या: रांगत्या बाळकृष्णाचा लोण्याचा गोळा घेतलेला वर उचललेला हात, तिथेच सगळे धरतात, आणि तोच सगळ्यात बारीक. पोटाखालून धरा.

पितळ उजळलंच पाहिजे असं मन म्हणत असेल, तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, चिंचेचं पातळ पाणी कापसानं लावा, एक मिनिट मोजा, धुवा. मग चमचाभर खायचा सोडा पेलाभर पाण्यात घालून त्यानं एकदा धुवा, म्हणजे खाचेतलं आम्ल मरतं. पुन्हा साध्या पाण्यानं. घासायचं नाही, लावायचं आणि धुवायचं. बाजारच्या पावडरींतही बहुतेक आम्लाचंच काम असतं, वर घर्षणाला बारीक पूड. तीच सावधगिरी. दंतमंजन आणि टूथपेस्टचे उपाय मोबाईलवर फिरत असतात, त्यातही घासणारी पूड असतेच. फ्रिजच्या जाहिरातीसारखी चमक देवाला कशाला हवी, हे मला अजून कळलेलं नाही. पण ते तुमच्या घरचं.

खंडोबाचा मुखवटा

हा ओतीव नसणार. उलटा करून बघा, आतून हातोडीचे ठोके दिसतील. पत्रा ठोकून उठवलेला असतो, गालाच्या आणि नाकाच्या उंचवट्यावर कागदाइतका पातळ होतो. बफच्या चाकावर सगळ्यात आधी तिथेच भोक पडतं. काळा पडलाय म्हणालात, तर आधी तो राप आहे की काजळी, हे बघा. कापराची आणि समईची काजळी तेलकट असते, स्पिरिटच्या बोळ्याला काळी लागते. बहुतेक जुन्या मुखवट्यांवर खाली सुरेख तपकिरी राप असतो आणि वर वर्षानुवर्षांची काजळी. काजळी उतरवा, राप राहू द्या. डोळ्यांच्या भुवयांत आणि मिशीत काळं राहिलं तर राहू द्या, त्यानंच चेहरा उठून दिसतो.

एक गोष्ट मात्र या मुखवट्यासाठी कळीची आहे. ठोकलेल्या पत्र्यात ताण राहिलेला असतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजा पावसाळ्यात काडतुसांचे साठे घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. पावसाळा सरला, पेट्या उघडल्या, तर पितळी नळ्यांना उभ्या चिरा! इंग्रजीत या चिरांना नावच हंगामावरून पडलं. कारण नीट उलगडलं १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया, आणि नळी ओढून बनवताना धातूत राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ कणाकणाच्या सीमेवर उसवतं.

हे सांगायचं कारण असं की देवघराच्या शुद्धीला आपण गोमूत्र शिंपडतो. ते शिळं झालं की त्यातून अमोनियाच सुटतो. शिंपडायचं तर जमिनीवर, उंबऱ्यावर शिंपडा. मुखवटा, पत्र्याची प्रभावळ, पातळ तांब्या यांच्यावर पडू देऊ नका, आणि बंद देवघरात त्याची बाटली ठेवू नका. काचा पुसायच्या फवाऱ्यांत आणि धातूच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो, डबी उघडल्यावर नाकात झणझणतो तोच. ओतीव जाड मूर्तीला एखाद्या वेळी चालून जाईल, मुखवट्याला नको. कल्हईवाला नवसागर वापरतो त्यात तर अमोनिया आणि क्लोराईड दोन्ही. म्हणून "कल्हईवाला आलाच आहे तर मुखवट्यालाही आतून मारून घेऊ" हा विचार करू नका. ताक ठेवायच्या भांड्याला कल्हई हवीच, नाहीतर ते कळकतं. मुखवट्यात ताक ठेवायचं नाहीये.

वर्षभर तो पेटीत असतो म्हणालात. गौरींच्या पितळी मुखवट्यांनाही हेच लागू. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका. रबरातलं गंधक पितळेवर काळी रेघ उमटवतं. मी असे मुखवटे पाहिलेत, की गालावर आडवी काळी पट्टी, जणू मार बसलाय. लोकरीचं कापडही नको. धुतलेलं जुनं सुती धोतर किंवा मलमल सगळ्यात उत्तम, त्याला नीळ-खळ नसावी. पेटी नव्या प्लायवूडची असेल तर त्यातून आम्लाची वाफ येत राहते. स्टीलचा डबा बरा.

नटराज

याचे डाग बघून तुम्ही चिंच लावलीत आणि तो आणखी चट्ट्यापट्ट्याचा झाला, असं लिहिलंय. होणारच. शोभेच्या नव्या पितळी मूर्तींवर दुकानात पारदर्शक लॅकरचा (वार्निशसारख्या लेपाचा) हात मारलेला असतो, म्हणून त्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं चमकतात. लॅकर आहे तिथे चिंच पोचतच नाही, खरचटलेल्या जागी पोचते. मग एक ठिपका लख्ख, शेजारचा मंद. तुमच्याकडचे मूळ डागही असेच आलेले असणार: कुठेतरी लॅकरला चीर गेली, खारी हवा आत शिरली आणि थराखाली किड्याच्या वाटेसारख्या काळ्या रेघा पसरल्या.

खात्री करायची तर बैठकीच्या खालच्या बाजूला कापसाच्या बोळ्यानं ॲसिटोन लावा (नखांचा रंग काढायचं तेच). बोळा चिकट झाला तर लॅकर आहे. मग इलाज एकच, सगळा लॅकर उतरवायचा, नुसता डागापुरता नाही. दोन फुटी नटराज, त्याला प्रभावळीच्या ज्वाला, जटांची पिसारलेली टोकं: हे काम घरी करू नका. ॲसिटोन भराभर पेट घेतो आणि डोकं धरतं. माहीतगाराकडून करून घ्या आणि आधीच सांगा की बफ मारायचा नाही, आणि खोबणीतला काळा रंग काढायचा नाही. तो काळा रंग घाण नसून मुद्दाम भरलेला असतो, आकार उठून दिसावा म्हणून.

त्यानंतर परत लॅकर की मेण? पूजेत नसलेल्या, दिवाणखान्यातल्या मूर्तीला मी मेणच सुचवतो. संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, वाटाण्याएवढं घेऊन अख्ख्या हातापायांना पुरतं. लावा, दहा मिनिटं थांबा, मऊ कापडानं चोळा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी. ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी परत लावता येतं, हा त्याचा मोठा फायदा. खोबरेल तेल लावायची पद्धत आहे, पण त्यावर धूळ बसते, आणि तेलाचा हिरवा साबण कसा होतो ते वर आलंच आहे.

उचलताना प्रभावळीला धरू नका. बहुतेक मूर्तींत ती खाचेत बसवलेली असते, पंधरा-वीस किलोचं वजन तिच्यावर आलं की सुटते आणि नटराज पायाच्या बोटांवर. बैठकीखाली दोन्ही हात घाला.

पावतीवर "पंचधातू" लिहिलंय म्हणालात. बाजारात पिवळ्या पितळेलाही सर्रास पंचधातू म्हणतात. लोहचुंबक लावून बघा, पितळ चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा, मग पितळ उघडं पडायचीही सोय नाही! दुसरी खूण, मूर्तीच्या कडेनं नख फिरवा. रेतीच्या साच्यात ओतलेल्या मूर्तीला दोन्ही साचे जुळतात तिथे बारीक शिवण असते, कानशीनं घासलेली. मेणाच्या पद्धतीनं केलेलीला ती नसते. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत आजही मेणाची मूर्ती करून तिच्यावर कावेरीची गाळमाती लिंपतात, भाजून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून तशी मूर्ती एकच होते. ही रीत आपल्याकडची जुनीच. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त ती तपशिलानं दिली आहे, आणि त्याच्याही कितीतरी आधीची, आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेली रथ, हत्ती, गेंडा आणि रेड्याची ओतकामं बघितली तर हात जोडावेसे वाटतात. असो, विषय भरकटला.

पोकळ ओतलेल्या मूर्तीबद्दल मात्र एक राहिलं. हलवून बघा. आत खडखडलं तर ती गाभ्याची माती आहे. अशी मूर्ती पाण्यात बुडवायची नाही. माती पाणी पिते, आठवडाभर छिद्रांतून क्षाराचं हिरवट पाणी गळत राहतं, आणि लोक म्हणतात देवाला घाम आला.

पूजा करायची की नाही?

कराच. मूर्ती पूजेसाठीच आहे. फक्त पंचामृतातलं दही आम्ल, मध आम्ल, साखर चिकट. त्यामुळे पंचामृत घातल्यावर मंत्र पुरे होईपर्यंत ताम्हनात भिजत न ठेवता लगेच कोमट पाणी घालून धुऊन, पुसून, कोरडं करून जागेवर. रोजच्या पंचामृताला शाळिग्राम, बाण (दगडी शिवलिंग) किंवा चांदीची मूर्ती घ्या आणि पितळेच्या देवांना सणावारी. नव्या, शोभेच्या मूर्तीवरून आलेलं पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका. भंगार वितळवून ओतलेल्या पितळेत शिसं येण्याची शक्यता असते, आणि आंबट पदार्थात ते उतरतं. कुंकू ओलं करून लावण्यापेक्षा गंधाच्या ठिपक्यावर कोरडं लावा, आणि दुसऱ्या दिवशीचं लावण्याआधी पहिलं पुसा. बहुतेक घरांत ते एकावर एक चढत जातं आणि मग दिवाळीला चाकू घेऊन खरवडतात.

कॅनडाला नेताना

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या आईच्या लग्नात ती नवी घेतलेली असेल तर प्रश्न नाही. पण आजीकडून आईकडे आलेली असेल, किंवा दिसायला तशी असेल, तर विमानतळावर वाद घालण्यापेक्षा आधी पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. सामानात मूर्ती अशी ठेवा की उघडून दाखवता येईल, भरीव धातू क्ष-किरणात काळा ठोकळा दिसतो. मलमलमध्ये गुंडाळा, सोबत जेलची पुडी. तिकडे हिवाळ्यात घरातली हवा कोरडी असते, अन्नपूर्णेला अलिबागपेक्षा ती मानवेल.

शेवटी तुम्ही विचारलंय की बाळकृष्णाचं नाक-डोळे परत कोरून मिळतील का. मिळतील, करणारे आहेत. पण कोरायला धातू लागतो, आणि तिथे तो उरलेला नाही. खोल कोरून डोळे आणले तर गाल जातात. मी ते काम घेत नाही. तुमच्या आईच्या बोटांनी गुळगुळीत झालेला चेहरा आहे तो, मुलीला तसाच द्या. डोळे हवेतच तर सराफाकडे चांदीचे बारीक डोळे मिळतात, ते लावा. मात्र ट्यूबमधल्या झटपट डिंकानं नको, तो निघताना राप घेऊन निघतो. मधमाशीचं मेण बोटावर ऊब देऊन लावा. मोहरीएवढं पुरे.